ज्यांना मत नाही, त्यांचा खासदार कोण?



दिवाळी सरते, कपाशीच्या वेचणीला वेग येतो आणि अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर स्वेटरची दुकाने लागतात. बांबू-ताडपत्रीच्या आडोशाला लोकरी कपड्यांच्या रांगा आणि त्यांच्यामागे शांत चेहऱ्याचे तिबेटी स्त्री-पुरुष, हे दृश्य वऱ्हाडला नवे नाही. त्यांच्याकडून घेतलेला एखादा स्वेटर बहुतेक घरांच्या कपाटात सापडेल. हा माल बहुधा लुधियानाच्या कारखानदारांकडून उधारीवर उचललेला असतो. हंगाम आटोपला की आधी ती उधारी फेडायची आणि उरेल त्यावर वर्ष काढायचे, असा त्यांचा व्यवहार. पेरणीला उधारीचे बियाणे आणणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. थंडी ओसरली की दुकाने उठतात आणि ही माणसेही आपल्या विस्मरणात जातात.

त्यांच्यापैकी अनेकांच्या खिशात भारत सरकारचे एक नोंदणी प्रमाणपत्र असते. ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते. ते नागरिकत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. दुसरी एक हिरवी पुस्तिका त्यांच्याजवळ असते. ती निर्वासित तिबेटी प्रशासनाने दिलेली असते आणि तिच्या आधारे तो माणूस धरमशाला येथील तिबेटी संसदेसाठी मतदान करतो. अमरावतीच्या रस्त्यावर उभा असलेला हा विक्रेता अमरावतीच्या महानगरपालिकेसाठी सहसा मत देत नाही. परंतु जी भूमी त्याने कदाचित कधी पाहिलीही नाही, त्या भूमीच्या नावाने चालणाऱ्या संसदेसाठी मात्र तो मत देतो. जगाच्या इतिहासात निष्ठेची अशी उदाहरणे फार नाहीत.

आजच्या विषयाचे मूळ या विसंगतीत आहे. लोकशाहीत मतदाराचा आवाज संसदेत पोहोचतो. निदान तो पोहोचावा अशी अपेक्षा असते. मग ज्याला मत नाही, त्याचा आवाज कोणी पोहोचवायचा?

झाडीपट्टीतील तिबेट

तिबेटी माणूस विदर्भाला केवळ हिवाळी पाहुणा म्हणून ठाऊक आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. पूर्वीच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ, नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. १९७२ मध्ये ती वसली. हिमालयाच्या पठारावर याक आणि मेंढ्या राखणाऱ्यांच्या वंशजांनी झाडीपट्टीच्या उकाड्यात धानाची शेती शिकून घेतली. भारतातील तिबेटी वसाहती कर्नाटकापासून अरुणाचलापर्यंत पसरल्या आहेत. महाराष्ट्रातील ही वसाहत विदर्भाच्या वाट्याला आली.

ही माणसे येथे का आली, हे तरुण पिढीला थोडक्यात सांगितले पाहिजे. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटमध्ये घुसले. २३ मे १९५१ रोजी तिबेटी प्रतिनिधींकडून सतरा कलमी करारावर सह्या घेण्यात आल्या. १० मार्च १९५९ रोजी ल्हासात जनतेचा उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामांनी राजधानी सोडली आणि ३१ मार्च रोजी तवांगच्या बाजूने भारतभूमीवर पाऊल ठेवले. त्यांच्यामागोमाग सुमारे ८० हजार तिबेटी आले. नोर्ग्येलिंगची वसाहत ही त्याच ओघातील.

संसदेत कोण बोलले?

या प्रश्नावर भारतीय संसद कधी बोललीच नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. संसद बोलली, ठामपणे बोलली आणि त्या बोलण्यात विदर्भाशी नाते असलेल्यांचा वाटा मोठा होता.

२९ एप्रिल १९५४ रोजी भारताने चीनशी करार केला. व्यापार आणि यात्रा यांसंबंधीच्या त्या करारात तिबेटचा उल्लेख ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असा झाला. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. पुढे २६ ऑगस्ट १९५४ रोजी त्यांनी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर भाषण केले. ल्हासाचा ताबा चीनला घेऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची सीमा भारताच्या सीमेपर्यंत आणून ठेवण्यास हातभारच लावला, हा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. पंचशीलाच्या तत्त्वांवर ज्यांचा स्वतःच्या देशातही विश्वास नाही, त्यांच्याकडून ती पाळली जातील ही अपेक्षा त्यांना भाबडी वाटत होती. त्या भाषणातून त्यांना एकही मत मिळणार नव्हते. ज्या भंडारा जिल्ह्याने त्यांना नाकारले, त्याच जिल्ह्यात अठरा वर्षांनी तिबेटी वसाहत उभी राहिली, हा इतिहासाचा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

दुसरे नाव डॉ. रघुवीर यांचे. फाळणीच्या सुमारास त्यांनी आपली संशोधन संस्था लाहोरहून नागपुरास आणली आणि येथे बसून पारिभाषिक शब्दकोशांचे प्रचंड कार्य केले. बौद्ध वाङ्मयाच्या शोधात ते १९५५ मध्ये चीनमध्ये हिंडून आले. १९५२ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशातून ते राज्यसभेवर गेले. त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि त्याच्या विधानसभेत अमरावती-अकोल्याचे आमदारही बसत होते. म्हणजे रघुवीरांना दिल्लीला पाठविणाऱ्या सभागृहात वऱ्हाडही होता. काँग्रेसचे सदस्य असूनही चीनविषयीच्या धोरणाबाबत त्यांनी मौन स्वीकारले नाही. पुढे त्यांनी पक्ष सोडला, डिसेंबर १९६२ मध्ये ते जनसंघाचे अध्यक्ष झाले आणि मे १९६३ मध्ये अपघाती निधन पावले. तिबेटी ग्रंथांना ते भारताच्या हरवलेल्या वाङ्मयाचे कोठार मानीत. मूळ संस्कृत पोथ्या नष्ट झाल्या तरी शेकडो ग्रंथ तिबेटी भाषांतरांतून वाचले, हे त्यांनी देशाला पटवून दिले.

आचार्य कृपलानींनी पंचशीलाचा जन्मच पापातून झाल्याचे लोकसभेत सुनावले. १९५९ मध्ये तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी यांनी तिबेटचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेण्याची मागणी लोकसभेत केली. आंबेडकर, रघुवीर, कृपलानी आणि वाजपेयी यांचे पक्ष वेगळे, विचारसरणी वेगळी. काही बाबतींत तर टोकाचा विरोध. तिबेटच्या बाबतीत मात्र त्यांचा सूर जुळला होता.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने १९५९, १९६१ आणि १९६५ असे तीन ठराव तिबेटवर केले. पहिल्या दोन वेळी भारत तटस्थ राहिला. १९६५ मध्ये मात्र भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले आणि तेव्हा भारताची भूमिका मांडली ती महाराष्ट्रातील एका आमदाराने, डॉ. रफिक झकेरिया यांनी. मधल्या काळात १९६२ चे युद्ध होऊन गेले होते. संसदेत जे आधी बोलले गेले, ते शासनाला उशिरा पटले.

पुढे १९७० मध्ये न्या. मोहम्मद करीम छागला यांच्या पुढाकाराने तिबेटसाठी सर्वपक्षीय खासदारांचा मंच स्थापन झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि देशाचे परराष्ट्रमंत्री राहिलेल्या माणसाने हे काम हाती घेतले, यातच त्याचे गांभीर्य आहे. मंच मध्ये मध्ये निद्रिस्त झाला. जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारख्यांनी त्याला पुन्हा जागविले. मार्च १९९४ मध्ये तिबेटविषयक जागतिक संसद सदस्यांचे पहिले संमेलन नवी दिल्लीत भरले, त्यामागेही हीच परंपरा होती.

शासनाची भाषा आणि संसदेची भाषा

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. विरोधी बाकांवरून बोलणे सोपे असते. सत्तेवर आल्यावर काय झाले? ज्या अटलजींनी १९५९ मध्ये तिबेटची बाजू मांडली, त्यांच्याच पंतप्रधानपदाच्या काळात, जून २००३ मध्ये, बीजिंगच्या संयुक्त घोषणापत्रात तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनच्या भूभागाचा भाग असल्याचे मान्य करण्यात आले. त्याच भेटीत नथुला मार्गे व्यापाराचा करार झाला आणि सिक्कीमवरील भारताच्या सार्वभौमत्वाला चीनने व्यवहारात मान्यता दिल्याचे मानले गेले. अनेक तिबेटी कुटुंबांना आणि त्यांच्या भारतीय मित्रांना ते घोषणापत्र जिव्हारी लागले. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

परंतु यातून निष्कर्ष कोणता काढायचा? शासनाला सीमा सांभाळायची असते, व्यापार पाहायचा असतो, युद्ध टाळायचे असते. त्याची भाषा मोजूनमापून येते आणि कधी कधी ती मनाविरुद्धही बोलावी लागते. खासदाराच्या जिभेवर हे ओझे नसते. संविधानाच्या १०५ व्या अनुच्छेदाने त्याला सभागृहात भाषणस्वातंत्र्य दिले आहे. शासन ज्या ठिकाणी थांबते, त्याच्या पुढचे बोलण्यासाठीच ते आहे. शासनाने तडजोड केली म्हणून खासदारानेही गप्प बसायचे असेल, तर संसद आणि मंत्रालय यांत फरक तो काय राहिला? उलट शासनाच्या प्रतिनिधीला वाटाघाटीच्या मेजावर सांगता आले पाहिजे की, ‘आमची संसद हे मान्य करणार नाही.’ हे वाक्य राष्ट्राच्या हातातील शस्त्र आहे. मात्र त्याला धार येते ती खासदारांच्या बोलण्याने.

त्या बोलण्याला वजन आहे की नाही, याची साक्ष बीजिंगनेच दिली. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीत खासदारांच्या या मंचाचा एक भोजन समारंभ झाला. वेगवेगळ्या पक्षांचे मोजके खासदार आणि निर्वासित तिबेटी संसदेचे सदस्य तेथे एकत्र आले. काही दिवसांतच चिनी दूतावासातील एका अधिकाऱ्याने त्या खासदारांना पत्रे पाठविली आणि तिबेटी शक्तींना पाठिंबा देण्यापासून दूर राहा, असे बजावले. भारताच्या राजधानीत भारताच्या खासदारांनी कोणासोबत जेवावे, हे परक्या देशाचा दूतावास सांगू लागला! मंचाचे निमंत्रक सुजीत कुमार तेव्हा बिजू जनता दलाचे राज्यसभा सदस्य होते; उपस्थितांत भाजपचेही होते आणि काँग्रेसचेही. सर्व पक्षांच्या खासदारांना सारखेच पत्र येते, तेव्हा हा एखाद्या पक्षाचा प्रश्न राहत नाही.

निर्वासनात वाढलेली लोकशाही

तिबेटींची बाजू घेणे म्हणजे जुन्या धर्मसत्तेची बाजू घेणे, अशी टीका होते. वस्तुस्थिती पाहावी. २ सप्टेंबर १९६० रोजी, म्हणजे घरदार सोडून दीड वर्षही झाले नसताना, तिबेटींच्या निर्वाचित प्रतिनिधींनी शपथ घेतली. १९६३ मध्ये जाहीर झालेल्या संविधानात दलाई लामांचेच अधिकार काढून घेण्याची तरतूद त्यांच्याच आग्रहाने ठेवली गेली. ती नको म्हणणारे त्यांचे अनुयायी होते. १९९१ मध्ये निर्वासित तिबेटींची सनद आली. २००१ मध्ये प्रशासनाच्या प्रमुखाची थेट निवडणूक झाली आणि सामदोंग रिन्पोचे निवडून आले. २०११ मध्ये दलाई लामांनी आपले सर्व राजकीय अधिकार निर्वाचित नेतृत्वाकडे सोपविले. त्या वर्षी लोबसांग सांगे, तर २०२१ मध्ये पेन्पा त्सेरिंग निवडून आले.

या संसदेच्या ४५ जागांची रचनाही पाहण्यासारखी आहे. तिबेटच्या तीन पारंपरिक प्रांतांना प्रत्येकी दहा, चार बौद्ध संप्रदाय आणि प्राचीन बोन परंपरा यांना प्रत्येकी दोन, उत्तर अमेरिका व युरोपातील तिबेटींना प्रत्येकी दोन आणि ऑस्ट्रेलिया व आशियाच्या उर्वरित भागाला एक. भूमी हातात नाही, सैन्य नाही, सक्तीने कर वसूल करणारी यंत्रणा नाही. तरीही मतपेटी आहे. ती भारताच्या भूमीवर रुजली, याचा भारतीयांना अभिमान वाटला पाहिजे.

बीजिंगला नेमके हेच खुपते. १७ मे १९९५ रोजी सहा वर्षांच्या पंचेन लामांना चीनने ताब्यात घेतले. त्यानंतर ते जगासमोर आले नाहीत. २००७ मध्ये पुनर्जन्मासही शासनाची मंजुरी हवी, असा नियम नास्तिक सत्तेने काढला. जुलै २०२५ मध्ये, नव्वदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, दलाई लामांनी आपली परंपरा पुढे चालू राहील आणि उत्तराधिकारी ओळखण्याचा अधिकार केवळ त्यांच्या न्यासाचा असेल, असे जाहीर केले. येत्या काळात हा प्रश्न भारताच्या दारात येणार आहे. तेव्हा संसदेने काय बोलावे, हे तेव्हाच ठरवू म्हणणाऱ्यांना उशीर झालेला असेल.

आपल्यासाठी कोण बोलले होते?

ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी कोणी बोलावे, हा उपकाराचा प्रश्न नाही. भारतीय स्वतः या अवस्थेतून गेले आहेत. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारले. नागरिकत्व नाही म्हणजे मत नाही. तरीही इमॅन्युएल सेलर आणि क्लेअर बूथ ल्यूस या परस्परविरोधी पक्षांच्या अमेरिकी लोकप्रतिनिधींनी भारतीयांसाठी विधेयक मांडले आणि २ जुलै १९४६ रोजी त्याचा कायदा झाला. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता. त्या कायद्याने भारतीयांना तेथे नागरिक होण्याचा मार्ग मिळाला आणि अवघ्या दहा वर्षांत, १९५६ मध्ये, पंजाबात जन्मलेले दलीपसिंग सौंद अमेरिकी प्रतिनिधिगृहात निवडून आले. आज वऱ्हाडातील किती घरांतील मुले-मुली अमेरिकेत स्थिरावली आहेत! मत नसलेल्यांसाठी झालेल्या त्या बोलण्याचा लाभ त्यांनाही पोहोचला आहे.

वऱ्हाडचा स्वतःचा वारसाही याहून वेगळा नाही. लोकनायक बापूजी अणे हे मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात त्यांच्याकडे परदेशस्थ भारतीयांचे खाते आले. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून लाखो भारतीय जीव मुठीत धरून परतले, तो काळ त्यांच्याच कारकिर्दीतला. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या प्रसंगी त्यांनी पदाचा राजीनामा दिला आणि पुढे सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी म्हणून गेले. तेथील मळ्यांत राबणारे भारतीय मजूर काही वऱ्हाडचे मतदार नव्हते.

आज अमेरिकी काँग्रेस तिबेटवर कायदे करते. २००२, २०२० आणि जुलै २०२४ मध्ये तसे कायदे झाले. जून २०२४ मध्ये दोन्ही पक्षांच्या लोकप्रतिनिधींचे शिष्टमंडळ धरमशालेला येऊन गेले. यात त्या राष्ट्राचा स्वार्थ नाही असे कोणी म्हणणार नाही. पण हजारो मैलांवरचे लोकप्रतिनिधी कायदा करतात आणि ज्या देशात दलाई लामा १९५९ पासून राहतात, त्या देशाच्या संसदेच्या संयुक्त बैठकीपुढे त्यांचे भाषण अद्याप झालेले नाही, ही तफावत मनाला टोचली पाहिजे.

वऱ्हाडच्या मतदाराने काय करावे?

‘कापसाला भाव नाही, खारपाणपट्ट्यात गोड पाणी नाही, शेतकरी गळफास घेतो आहे, आणि तुम्ही तिबेटचे सांगता?’ असा प्रश्न अकोल्यात कोणी विचारला, तर त्याला दटावू नये. प्रश्न रास्त आहे. उत्तर इतकेच की, खासदाराला कापसावर बोलायला लावणारा मतदारच त्याला तिबेटवरही बोलायला लावू शकतो; एकामुळे दुसरे मागे पडत नाही. शिवाय हा प्रश्न दूरचा नाही. उत्तर सीमेवर पहारा देणाऱ्या आपल्या दलाचे नाव आजही ‘भारत-तिबेट सीमा पोलीस’ असे आहे. सीमा कोणाशी होती, ते त्या नावातच आहे. मधले राष्ट्र नाहीसे झाले म्हणून जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात २० भारतीय सैनिकांना हौतात्म्य पत्करावे लागले. त्या सीमेवर ठेवलेल्या प्रत्येक सैनिकाचा खर्च कापसाच्या शेतकऱ्याच्या कररूपी घामातूनही जातो.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आपापल्या खासदाराला एक साधे पत्र लिहावे: तिबेटसाठीच्या सर्वपक्षीय मंचाचे आपण सदस्य आहात काय? नसाल तर का नाही? शंभर घरांतून अशी शंभर पत्रे गेली तर उत्तर द्यावेच लागेल. दुसरी, केंद्र शासनाने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले आहे. वसाहतीच्या जमिनीचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, शासकीय योजनांचा लाभ, व्यवसायाचे परवाने या गोष्टी त्यात आहेत आणि त्यांची अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे. झाडीपट्टीतील वसाहतीला यातील काय मिळाले, हे विधिमंडळात विचारणे वऱ्हाडच्या आमदारांनाही शक्य आहे. तिसरी गोष्ट सर्वांत लहान. हिवाळ्यात या विक्रेत्यांना जागा, पाणी आणि स्वच्छतागृह मिळते की त्यांना दरवर्षी नव्याने दारोदार फिरावे लागते, याची चौकशी आपल्या नगरसेवकाकडे करावी.

कोणी विचारेल, त्यांनी सरळ भारतीय नागरिकत्व का घेऊ नये? २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेटींना कायद्याने तो हक्क आहे. न्यायालयांनी तो मान्य केला आणि २०१४ मध्ये निर्वाचन आयोगाने त्यांची नावे मतदारयादीत घेण्याचा मार्गही मोकळा केला. काहींनी तो हक्क वापरला. अनेकांनी वापरला नाही, कारण आपण येथे पाहुणे आहोत आणि एक दिवस घरी जायचे आहे, ही भावना कागदाच्या सोयीसाठी सोडायला ते तयार नाहीत. या भावनेची किंमत ते रोज मोजतात: प्रवासाच्या परवानग्यांत, नोकरीच्या अर्जांत, मुलांच्या प्रवेशांत. त्यांची तरुण पिढी आता पश्चिमेकडे जाऊ लागली आहे आणि भारतातील वसाहतींतील लोकसंख्या घटते आहे. ती ओसरली, तर तिबेटचा प्रश्न भारताच्या अंगणातून उठून दुसऱ्याच्या दिवाणखान्यात जाईल आणि भारताला त्यावर केवळ प्रेक्षक म्हणून मत देता येईल.

ज्याला मत नाही, त्याचा खासदार कोण, याचे उत्तर लोकशाहीत एकच आहे: ज्याला मत आहे, त्याने आपला खासदार त्याला उसना द्यावा. १९५४ मध्ये पराभूत झालेल्या एका उमेदवाराने भंडाऱ्याहून परतून हेच केले होते. येत्या हिवाळ्यात स्वेटर घेताना घासाघीस जरूर करावी, तो बाजाराचा रिवाज आहे. पण घरी परतल्यावर ते पत्र लिहायला विसरू नये.